पेटी लावण्याआधी वाट तयार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली अनुदानित माध्यमिक शाळा. आठवी ते दहावी मिळून पट १८०, शिक्षक सात. समुपदेशक नाही. मागच्या वर्षभरात दोन मुलांच्या वडिलांनी आत्महत्या केली, आणि नववीतली एक मुलगी चाचणी आली की चक्कर येऊन पडते. मुख्याध्यापक विचारतात: मुलांच्या मनासाठी शाळेत काहीतरी सुरू करायचं आहे, तर आधी तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवू की सगळ्या मुलांची तपासणी करून घेऊ?

सर, सुरुवात या दोन्हींनी करू नका.

तपासणीचं आधी सांगतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करण्याजोगा मानसिक त्रास आढळला होता. ती देशाची सरासरी तुमच्या पटाला लावली तर १३ मुलं होतात. प्रश्नावली भरून घेतली की दोन दिवसांत यादी हातात येईल. पण त्या १३ जणांशी कोण बोलणार, कधी बोलणार, त्यातल्या दोघा-तिघांना डॉक्टरांकडे न्यायचं तर कुठल्या गावी, कुठल्या वारी, भाडं कुणाचं, हे ठरलेलं नसेल तर यादी शिक्षकांच्या खोलीत फुटते आणि चार दिवसांत मुलांपर्यंत पोचते. मग 'त्याचं डोकं फिरलंय' एवढंच त्या पोराच्या वाट्याला येतं. पुढच्या वेळी कुणीही खरं लिहीत नाही.

व्याख्यानाचं दुखणं वेगळं. आपल्याकडे शाळाशाळांतून एक पद्धत रूढ झाली आहे. वक्ते येतात, आईबापांचे कष्ट रंगवून सांगतात, मुलांना डोळे मिटायला लावतात आणि सगळा मांडव रडवतात. गावाला वाटतं, कार्यक्रम मोठा झाला. ज्याचा बाप सहा महिन्यांपूर्वी गेला, तो मुलगा त्या मांडवात तिसऱ्या रांगेत बसलेला असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच्याशी बोलायला कुणीही थांबलेलं नसतं. असा कार्यक्रम शाळेत होऊ देऊ नका, फुकट असला तरी.

कशाने फरक पडतो याचे बऱ्यापैकी भक्कम पुरावे आज आपल्याजवळ आहेत. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये 'सेहर' नावाचा कार्यक्रम तपासला गेला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम एकच होता: परिपाठात विषय, भित्तिपत्रक, मुलांचे गट, मनातलं लिहून टाकायची पेटी, आणि गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणं. काही शाळांत तो शाळेतल्याच शिक्षकाने चालवला, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकाने. समुपदेशकाच्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकाने चालवलेल्या शाळांमध्ये मात्र काहीच हललं नाही. यावरून शिक्षक नालायक असं ठरत नाही. सहा तासिका, शालेय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीची कामं सांभाळून आठवं काम नीट होत नाही, आणि गुण देणाऱ्या माणसापाशी मूल मन मोकळं करत नाही.

युरोपातल्या १० देशांतल्या १६८ शाळांच्या अभ्यासातही (२०१५) हेच वेगळ्या बाजूने दिसलं. शिक्षकांना फक्त 'धोका ओळखायचं' प्रशिक्षण दिलेल्या शाळांत आत्महत्येच्या प्रयत्नांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. मुलांनीच प्रसंग उभे करून, भूमिका करून, आपसात चर्चा केली तिथे वर्षभरात ते प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले. आणि ज्यांना वाटतं की रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसवलं की झालं, त्यांच्यासाठी: ब्रिटनमधल्या ८५ शाळांच्या मोठ्या चाचणीत (२०२२) सरसकट सगळ्यांना शिकवलेल्या सजगता-ध्यानाचा नेहमीच्या वर्गापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. परिपाठात प्राणायाम असेल तर असू द्या, पण त्याला कार्यक्रम म्हणू नका.

आता तुमच्या शाळेबद्दल. शाळा आपल्याकडे जूनच्या अखेरीस उघडते. पहिले पंधरा दिवस मुलांना काहीही जाहीर करायचं नाही. त्या दिवसांत मुलांना उपचारासाठी पाठवायची वाट तयार करायची. एक शंभर पानी वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर या गोष्टी लिहून काढा: तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी कोण, त्यांचा फोन, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिक कुठल्या खोलीत, कुठल्या वारी चालतं (१० ते १९ वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून ते चालवलं जातं), जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी कधी बसतात आणि तुमच्या तालुक्याला कुठल्या तारखेला येतात, गावच्या आशाताईंचा नंबर. फोनवर विचारून भागत नाही. एकदा स्वतः जाऊन यायचं. खोली खरंच उघडी असते का, चिठ्ठी कुठे काढतात, किती वाजेपर्यंत घेतात, हे बघून यायचं. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो आणि तुमच्या गावची पहिली एसटी नऊला निघत असेल तर मुलगी पोचेपर्यंत चिठ्ठी बंद झालेली असते. पाठवलेली बरीच मुलं इथेच गळतात आणि शाळेला वाटतं, पालकच बेपर्वा आहेत. दुसरं कारण मजुरीचं. आईचा एक रोज बुडतो, शिवाय दोन माणसांचं येण्याजाण्याचं भाडं. म्हणून पहिल्या फेरीला शाळेचं कुणीतरी सोबत जावं, भाड्याची तरतूद शाळेने करावी आणि दुसरी तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये.

त्याच पानावर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा नंबर लिहा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी, १०८ रुग्णवाहिका. हे तीन नंबर मुलांच्या ओळखपत्राच्या मागे छापून घ्या. भिंतीवर लावलेला फलक कुणी बघत असताना उतरवून घेता येत नाही.

मग माणूस. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका आरोग्यदूत म्हणून नेमायचे आणि आठवड्याला एक तास घ्यायचा, अशी योजना आहे. त्या आधारावर वेळापत्रकात तास मागा. याहून चांगला रस्ता म्हणजे बाहेरची व्यक्ती. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेली तालुक्यातलीच एखादी मुलगी आठवड्यातून दोन दिवस मानधनावर आणता आली तर नालंदाचा अनुभव तुमच्या बाजूने आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी जे निर्देश दिले, त्यात १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं म्हटलं आहे. तुमचा पट १८० आहे. संस्थेकडे आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज याच मुद्द्यावर करा, आणि अर्जाची पोच घ्या.

तोपर्यंत शिक्षकांपैकीच कुणी करणार असेल तर निवड मुलांना करू द्या. एका कागदावर विचारा: 'घरची काही अडचण सांगायची झाली तर शाळेत कुणाला सांगशील?' नाव न घालता उत्तर घ्या. बहुतेक वेळा तीच दोन नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि कधीकधी ती शिक्षकांची नसतात. प्रयोगशाळेतले भाऊ किंवा पाणी भरणाऱ्या मावशी असतात. त्यांनाही सोबत घ्या, मात्र नोंदवही त्यांच्याकडे नको. मुख्याध्यापकांनी स्वतः हे काम घेऊ नये. दाखला, शिक्षा आणि सुट्टी ज्याच्या हातात असते त्याच्यापुढे मूल आवरून बोलतं.

वेळेचा हिशेब चोख करा. निवडलेल्या व्यक्तीला आठवड्यात चार तासिका मोकळ्या हव्यात आणि रिकाम्या वर्गावर पाठवायची वेळ आली तरी त्या मोडायच्या नाहीत. एक तासिका वर्गातल्या सत्राला, दोन एकट्या मुलांशी बोलायला, एक फोन आणि नोंदींना. वर्षात कामाचे ३० आठवडे धरले तर एकट्याशी बोलण्याच्या ६० भेटी होतात. एका मुलाला साधारण चार भेटी लागतात, म्हणजे १५ मुलं. वर ज्या १३ चा आकडा काढला त्याला हे पुरतं. शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी जादा वेळ ठेवला तर मुली येऊच शकत नाहीत, कारण मुलींसाठीची मानव विकास मिशनची बस चुकली की दुसरं साधन नसतं.

एवढं झालं की जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेटी लावा. शाळेत तक्रारपेटी आधीपासून असेल. तिला धूळ का बसते? ती कार्यालयाच्या दारात असते, शिपायाला आणि कॅमेऱ्याला दिसते, आणि चिठ्ठी टाकणारं मूल लगेच कळतं. उपाय सोपा आहे. दर शुक्रवारी शेवटच्या तासिकेत प्रत्येकाला एक चतकोर कागद द्यायचा, सगळ्यांनी तो घडी घालून पेटीत टाकायचा, कोरा असला तरी चालेल. १८० मुलांना ४५ कागद लागतात. सगळेच टाकतात म्हटल्यावर कुणाकडे बोट जात नाही. कागद सगळ्यांचे सारखे, घडी सारखी. पेटीची किल्ली एकाकडे, उघडताना दोघं हजर, त्यातली एक बाई. नाव लिहायची सक्ती नाही; भेटायचं असेल त्याने फक्त हजेरी क्रमांक आणि वर्ग लिहायचा. सोमवारी परिपाठात नाव न घेता दोन-तीन चिठ्ठ्यांची उत्तरं द्यायची, मग ती 'मुलींच्या संडासाला कडी नाही' अशी का असेना. ती कडी त्याच आठवड्यात लागली तर महिन्याभरात खऱ्या चिठ्ठ्या यायला लागतात. लागली नाही तर पेटी मेली म्हणून समजा.

अक्षर ओळखायचा प्रयत्न कुणीही करायचा नाही. शिक्षकाविरुद्ध चिठ्ठी आली की हा मोह होतोच. एकदा अक्षर जुळवून एखाद्या मुलाला उभं केलं की तुमची तीन वर्षांची मेहनत त्याच तासाला संपते.

पहिल्या भेटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. जागा अशी हवी की आत काय चाललंय ते बाहेरून दिसावं पण ऐकू येऊ नये. दार अर्धं उघडं ठेवलेलं ग्रंथालय किंवा व्हरांड्याचं टोक चालेल, बंद खोली नको. मुलाला वर्गातून नावाने बोलवायचं नाही. शेजारी बसायचं, टेबलाच्या पलीकडे नाही. आणि बोलणं सुरू होण्याआधी एक गोष्ट सांगून टाकायची: 'तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्याशी कुणी वाईट वागत असेल, तर मला दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल. ती घेण्याआधी तुला सांगेन.' हे आधी सांगितलं नाही आणि नंतर बोलणं बाहेर गेलं तर त्या मुलाच्या लेखी तुम्ही दगा दिलात.

आपल्या भागातलं मूल 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. ते म्हणतं, 'काही नाही जी', 'मन लागत नाही', 'जीव घाबरते', 'डोकं दुखते', 'रातभर झोप नाही येत'. मेळघाटातलं कोरकू किंवा गडचिरोलीतलं माडिया घरातलं मूल मराठीत एवढंही बोलणार नाही, ते नुसतं वसतिगृहातून घरी निघून जाईल. म्हणून शब्दांपाशी अडू नका, त्याच्या दिवसाबद्दल विचारा. रात्री किती वाजता झोपतो? मध्ये जाग येते का? जेवण? मित्रांसोबत क्रिकेट खेळायचास, ते कधीपासून बंद झालं? शेवटचा प्रश्न फार उपयोगाचा असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि आवडीची गोष्ट तिन्ही बिघडलेली असतील तर ते मूल वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवायचं.

बाकीच्या बऱ्याच मुलांना औषध नको असतं. अडचण कुठे आहे ते सुटं करून बघायला कुणीतरी हवं असतं. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये 'प्राइड' या प्रकल्पात प्रशिक्षित पण बिगरतज्ज्ञ समुपदेशकांनी चार-पाच भेटींत समस्या सोडवण्याची रीत शिकवली, आणि मुलांच्या अडचणींची तीव्रता कमी झाली. रीत अशी. कागदावर तीन चौकोन काढायचे. पहिल्यात अडचण, दुसऱ्यात करता येण्यासारख्या गोष्टी, तिसऱ्यात या आठवड्यात नक्की काय करणार ते. समजा नववीतली मुलगी म्हणते, शाळाच नको. पहिल्या चौकोनात 'शाळा नको' लिहून पुढे जाता येत नाही. उलगडा. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली, आईसोबत सोमवार-मंगळवार शेतात जावं लागतं, गणिताचे दोन तास बुडतात, बुधवारी फळ्यापुढे उभं केलं की येत नाही, पोरं हसतात. आता अडचण नेमकी झाली: 'बुधवारी गणितात उभं राहावं लागतं.' दुसऱ्या चौकोनात तिलाच सुचवू द्या, निदान चार गोष्टी, वेड्यावाकड्या चालतील. मैत्रिणीची वही मंगळवारी संध्याकाळी आणणं. सरांना बुधवारी उभं करू नका असं सांगणं. आईला सोमवार एकटा मागणं. बुधवारी येणंच बंद करणं. प्रत्येकापुढे 'जमेल का' आणि 'पुढे काय होईल' हे तिनेच म्हणायचं. तिसऱ्या चौकोनात एकच गोष्ट: मंगळवारी सहा वाजता अमुक मैत्रिणीच्या घरी. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याचाच. जमलं नसेल तर रागावायचं नाही, दुसरा मार्ग निवडायचा. गणिताच्या सरांशी बोलायचं काम मात्र तुमचं, तिच्या परवानगीने.

इथे मोठ्यांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या मिनिटाला सल्ला देणं. 'अभ्यासात मन लाव', 'आईबापाकडे बघ', 'एवढ्याशा गोष्टीचं काय टेन्शन घेतो' ही तीन वाक्यं या कामातून वर्ज्य करा. २५ मिनिटांच्या भेटीत तुमचं बोलणं पाच मिनिटांहून जास्त होत असेल तर रीत चुकते आहे.

वर्गातली सत्रं त्या मानाने सोपी. वर्षाला आठ पुरेत, गोल बसवून, पस्तीस मिनिटं. भावनांना नावं देणं, झोप आणि मोबाइल, चिडवणं आणि त्याच्या बघ्यांनी काय करायचं, नाही म्हणणं, मित्र अडचणीत असेल तर काय करायचं, परीक्षेची भीती. पाठ शिकवायचा नाही. प्रसंग द्यायचा आणि मुलांनी तो करून दाखवायचा. 'मित्र अडचणीत' हे सत्र दोनदा घ्या, कारण मूल सगळ्यात आधी मित्राला सांगतं आणि मित्र 'कुणाला सांगू नको' या शपथेत अडकतो. ही शपथ मोडायची असते हे त्यांना भर वर्गात, स्पष्ट शब्दांत सांगा. आठवीसाठी 'आनंददायी शनिवार'ची वेळ वापरता येईल.

वडील गेलेल्या त्या दोन मुलांविषयी. असं मूल तेरवीनंतर शाळेत परत येतं तेव्हा मुलगा असेल तर डोकं भादरलेलं असतं आणि सगळा वर्ग बघत असतो. त्याच्या येण्याच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकाने घरी जाऊन यावं, टोपी घालून बसायचंय का विचारावं, कुणाशेजारी बसायचं ते विचारावं. वर्गाला आधी एवढंच सांगावं की याचे वडील वारले आहेत, कसे वारले ते विचारायचं नाही, खेळायला नेहमीसारखं बोलवायचं. पहिल्या दिवशी त्याला म्हणायचं वाक्य साधं असावं: 'बाबा गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. बोलावंसं वाटलं तर मी आहे.' 'आता तूच घरचा कर्ता' हे वाक्य कुणीही, कधीही म्हणू नये. चौदा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ते कर्जासकट बसतं.

अशा मुलांना वह्या, दप्तर, सायकल वाटायला संस्था येतात. मदत घ्या. पण 'आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विद्यार्थी' म्हणून मंचावर नावं पुकारणं आणि फोटो काढणं याला नकार द्या. सामान कार्यालयात उतरवून घ्या आणि घरी पोचवा. माझ्या मते हा एक नियम पाळणं दहा व्याख्यानांपेक्षा मोलाचं आहे. बाप गेल्याची तारीख, पोळा आणि निकाल, हे तीन दिवस त्या मुलासाठी जड जातात. वहीत लिहून ठेवा आणि त्या आठवड्यात सहज भेटून घ्या. पोळ्याला बैलामागे यंदा कोण चालणार हा प्रश्न घरात आधी पंधरा दिवस घुमत असतो.

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्याकडे मुलं 'मरून जाईन' क्वचितच म्हणतात, 'औषध घेईन' म्हणतात, आणि ते फवारणीचं औषध असतं. हे वाक्य रागात, हसत, कसंही आलं तरी त्याच दिवशी त्या मुलाशी एकट्याने बोलायचं आणि सरळ विचारायचं: 'जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं हे मनात ठरलं आहे का? याआधी कधी केलं होतंस?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेक मुलांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं की मुलाला एकटं सोडायचं नाही, संडासालासुद्धा सोबत कुणीतरी दाराबाहेर. पालकांना शाळेत बोलवायचं, त्या दिवशी बसने एकटं पाठवायचं नाही. १४४१६ ला फोन मुलाच्या समोर लावायचा. पालकांना दोन गोष्टी सांगायच्या: मारायचं-ओरडायचं नाही, आणि घरातलं व गोठ्यातलं सगळं फवारणीचं औषध आजच्या आज घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात. कुलूपबंद पेटीवर विसंबू नका. श्रीलंकेत १८० गावांच्या अभ्यासात निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या, त्याने विषप्राशन कमी झाल्याचं दिसलं नाही. किल्ली घरातच असते.

कुणी औषध घेतलंच असेल तर १०८. मिठाचं किंवा साबणाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही, त्याने ते फुप्फुसात जाऊ शकतं. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग पाण्याने धुवायचं, कुशीवर झोपवायचं आणि डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्यायचं, कारण डॉक्टरांचा पुढचा उपचार त्यावर ठरतो. 'आता बरं वाटतंय' म्हणालं तरी दवाखान्यात न्यायचंच. काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर तिथे तुमची मर्जी संपते. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेने स्वतः चौकशी करायची नाही, आरोपीला समोर बोलवायचं नाही, मुलीला तीच हकिगत चारचौघांपुढे पुन्हा सांगायला लावायची नाही. तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. १०९८ वर मदत मिळते. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत कागदावर असेल तर तिच्यातल्या एका बाईला हे काम नीट समजावून ठेवा.

चक्कर येणाऱ्या मुलीकडे येतो. आधी शरीर बघा: सकाळी काही खाऊन येते का, पाळीत जास्त रक्तस्राव होतो का, हिमोग्लोबिन किती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा तिचं नाव आधी द्या. आकडी असू शकते, म्हणून झटका आला तर किती मिनिटं, जीभ चावली का, लघवी झाली का, पडताना लागलं का, हे टिपून डॉक्टरांना सांगा. हे सगळं ठीक असेल आणि चक्कर फक्त चाचणीच्या दिवशीच येत असेल, तर ती भीती शरीरातून बोलते आहे. ते नाटक नसतं. तिला खरंच चक्कर येते. पडल्यावर गर्दी हटवा, कांदा हुंगवणं, चपला लावणं बंद करा, एकीने शांतपणे शेजारी बसावं, दहा मिनिटांनी परत वर्गात. घरी पाठवू नका, घरी पाठवलं की चाचणी टळते आणि पुढच्या चाचणीला चक्कर हमखास येते. घरचे 'बाहेरचं लागलं' म्हणून भगताकडे नेत असतील तर भांडू नका. 'तिकडे जा, पण मंगळवारी दवाखान्यातही या' एवढंच म्हणा. आश्रमशाळेत एकीपाठोपाठ दहा-बारा मुली पडू लागल्या तर जेवण आणि पाणी तपासा, मग त्यांना एकमेकींपासून वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढू देऊ नका. बघे वाढतात तशा पडणाऱ्या वाढतात.

हे सगळं करताना तिसऱ्या तासाला छडी चालू असेल तर कुणीही पेटीत काही टाकणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. जातीवरून, गुणांवरून, फाटक्या गणवेशावरून टोमणा हा त्यातच येतो. शिक्षक सभेत हा मुद्दा तुम्हीच मांडायला हवा.

नोंदी कमी ठेवा. वहीत नाव नाही, फक्त क्रमांक. नाव-क्रमांकाचा कागद वेगळ्या कुलपात. महिन्याला चारच आकडे काढा: किती मुलं आपणहून आली, किती जणांना पुढे पाठवलं, त्यातली किती खरंच पोचली, आणि आलेल्या मुलांची महिन्याची हजेरी. तिसरा आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी असेल तर तुमची वाट कुठेतरी तुटली आहे, परत जाऊन बघा.

वर्षाचं वेळापत्रक पिकाप्रमाणे लावा. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सप्टेंबर ते जानेवारी, तेव्हा गैरहजेरी वाढणार. आठपैकी जमतील तितकी सत्रं त्याआधी संपवा. मार्चपासून सकाळची शाळा, तेव्हा भेटी पहिल्या तासिकेला. दहावीचा निकाल मे महिन्याच्या आसपास लागतो आणि शाळा बंद असते, शिक्षक आपापल्या गावी. सगळ्यात जास्त धोक्याचा आठवडा आणि जवळ कुणीही नाही. म्हणून परीक्षा संपताच, ज्यांचं कठीण आहे अशा मुलांची नावं काढा, प्रत्येकामागे एक शिक्षक ठरवा, निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत त्याने फोन करायचा, फोन लागला नाही तर गावातल्या माणसाला घरी पाठवायचं. निरोपाच्या दिवशीच प्रत्येक मुलाला आणि पालकाला चिठ्ठी द्या: एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा लगेच असते, फॉर्म भरायला शाळा मदत करेल, हा आमचा नंबर.

आणि उन्हाळ्यातच बदल्या होतात, मानधनावरची मुलगी नोकरी लागून जाते. म्हणून काम पहिल्या दिवसापासून दोघांकडे असावं. जाणाऱ्याने नुसती वही देऊन जाऊ नये. ज्या तीन-चार मुलांचं बोलणं अर्धवट आहे त्यांना आधी विचारावं, 'हे नव्या मॅडमना सांगितलेलं चालेल का?', आणि हो म्हणणाऱ्यांची गाठ स्वतः समोर बसून घालून द्यावी.